चौथ्या रकान्याचा घोळ

'आय अ‍ॅम लर्निंग इंग्लिश सिन्स टेन इयर्स.' महाराष्ट्रातल्या इंग्रजीच्या वह्यांत या वाक्यावर किती लाल शाई सांडली असेल, याची मोजदाद करणे अशक्य आहे. शिक्षक त्यात दोन चुका दाखवतात. 'अ‍ॅम लर्निंग'च्या जागी 'हॅव बीन लर्निंग' हवे आणि 'सिन्स'च्या जागी 'फॉर' हवे. चुका खऱ्याच आहेत. मात्र त्यांचे कारण म्हणून जे ऐकवले जाते, म्हणजे मराठीत काळांची बारीक विभागणी नाही आणि म्हणून मराठी माणूस तिथे अडखळतो, ते तपासून न घेताच आपण पिढ्यान्‌पिढ्या मान्य केले आहे.

तपासणी शाळेतल्या तक्त्यापासून सुरू करू. मराठी शालेय व्याकरणात तीन काळ आणि प्रत्येकाचे चार प्रकार असतात: साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. इंग्रजीच्या पुस्तकातही तीन काळ आणि चारच प्रकार: सिंपल, कंटिन्युअस, परफेक्ट आणि परफेक्ट कंटिन्युअस. बेरीज दोन्हीकडे बारा. पहिले तीन रकाने ढोबळमानाने जुळतात. 'मी बोलतो', 'मी बोलत आहे', 'मी बोललो आहे' यांच्यासमोर 'आय स्पीक', 'आय अ‍ॅम स्पीकिंग', 'आय हॅव स्पोकन' मांडता येते. चौथ्या रकान्यात मात्र एकीकडे 'मी बोलत असतो' आहे आणि दुसरीकडे 'आय हॅव बीन स्पीकिंग'. या दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. आपला रीतिकाळ सवय सांगतो. इंग्रजीचा चौथा प्रकार 'केव्हापासून' आणि 'अजूनही' या दोन गोष्टी एका क्रियापदात बांधतो. आपल्या सवयीसाठी इंग्रजीला साधा वर्तमानकाळ पुरतो, आणि त्यांच्या 'केव्हापासून'साठी आपल्याला अपूर्ण वर्तमानकाळ पुरतो: 'मी दहा वर्षांपासून इंग्रजी शिकतोय.' विद्यार्थ्याने नेमके हेच वाक्य इंग्रजीत नेले. त्याने काळ चुकवला, पण मराठीचे व्याकरण चोख पाळले.

दुसरी चूकही तशीच. आपले 'पासून' दोन कामे करते. '१९९५ पासून' म्हणताना ते आरंभबिंदू दाखवते आणि 'दहा वर्षांपासून' म्हणताना लांबी. इंग्रजीने ही कामे 'सिन्स' आणि 'फॉर' अशा दोघांत वाटली आहेत. जर्मनमधले 'झाइट' आणि फ्रेंचमधले 'दप्वी' हे शब्द आपल्या 'पासून'सारखेच दोन्ही कामे करतात, आणि त्या भाषांतही चालू असलेल्या शिकण्यासाठी वर्तमानकाळच वापरतात. म्हणजे या बाबतीत मराठी मागे राहिलेली नाही. जर्मन आणि फ्रेंच तिच्याच बाजूला बसल्या आहेत, वेगळी वाट धरली आहे ती इंग्रजीने.

इंग्रजीच्या या वाटेत एक सोय आहे, हेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. 'आय स्पोक मराठी फॉर टेन इयर्स' म्हटले की ती दहा वर्षे संपली. 'आय हॅव स्पोकन मराठी फॉर टेन इयर्स' म्हटले की ऐकणारा सहसा ती आजपर्यंत येऊन पोचली असे समजतो. एका 'हॅव'ने भाषा सुटली की टिकली, हे कळते. मराठीत हेच काम करणारी वाक्यरचना म्हणजे 'दहा वर्षं झाली, मी मराठी बोलतोय'. इथे 'झाली' या क्रियापदाची कर्ती वर्षे आहेत, बोलणारा नव्हे. इंग्रजीत काळ माणसाच्या मालकीचा होतो. आपल्याकडे तो आपला आपण होत राहतो. 'नो' या क्रियापदाबाबत तर अंतर आणखी वाढते. इंग्रजीत 'आय हॅव नोन मराठी सिन्स चाइल्डहुड', आपल्याकडे 'मला लहानपणापासून मराठी येते'. भाषा आपल्याकडे 'येते', आणि येत असलेली भाषा वर्तमानकाळातच राहते.

चौथा रकाना भरण्यासाठी भाषांतराच्या पुस्तकांनी 'बोलत आलो आहे' हे रूप पुढे केले. 'हॅव बीन स्पीकिंग' म्हणजे 'बोलत आलो आहे', असे आमच्या पिढीने घोकले. हे रूप बनावट नाही, मात्र त्याची जागा वेगळी आहे. 'मी सकाळपासून फोनवर बोलत आलो आहे' असे कोणी म्हणत नाही, 'बोलतोय' म्हणतात. याउलट तंजावरकडे पाहा. व्यंकोजींनी सतराव्या शतकात तिथे राज्य स्थापले आणि १८५५ मध्ये ते खालसा झाले, तरी तमिळ मुलखातल्या काही घरांत मराठी उरली. त्या घरांविषयी 'ती मराठी बोलत आहेत' म्हटले तर अपुरे वाटते. 'ती मराठी बोलत आली आहेत' हेच बरोबर वाटते, कारण 'येणे' या क्रियापदात एका पिढीकडून दुसरीकडे चालत येण्याचा अर्थ आहे. माणसाच्या आयुष्यासाठी 'बोलतोय' आणि घराण्यासाठी 'बोलत आलो' हा फरक मराठी करते. इंग्रजीत दोन्हींना एकच रूप. बारीक विभागणी कुणाकडे आहे, हे कोणत्या जागी पाहता त्यावर ठरते.

हा वाद केवळ वहीपुरता नाही. भारताच्या जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलत असे ती. ही व्याख्या भूतकाळात आहे. आज तुम्ही काय बोलता याची तिला पर्वा नाही. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या सर्वेक्षणात मात्र विचारतात की, ही व्यक्ती घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलते का? हा साधा वर्तमानकाळ. आई ज्याच्याशी मराठीतच बोलत असे, पण जो आता स्वतःच्या घरी फक्त इंग्रजी बोलतो, असा माणूस पहिल्या व्याख्येने मराठी ठरतो आणि दुसऱ्या प्रश्नाने मोजणीतून गळतो. या दोन मोजण्यांचे आकडे शेजारी ठेवून मराठी वाढली की आटली, याची चर्चा करणाऱ्यांनी आधी प्रश्नातले क्रियापद वाचावे. केव्हापासून आणि अजूनही का, हे या दोन्ही प्रश्नांत कुणी विचारलेलेच नाही.

म्हणून शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते. लाल शाई जरूर वापरावी, इंग्रजी इंग्रजीसारखीच लिहिली पाहिजे. पण त्या खुणेशेजारी फळ्यावर दोन्ही तक्ते एकदा मांडावेत आणि चौथे रकाने जुळत नाहीत हे मुलांना स्वतः पाहू द्यावे. आपल्या भाषेत काही कमी आहे, हा समज त्या एका तासात बराचसा उतरेल. 'सिन्स टेन इयर्स' लिहिणारे मूल काळ विसरलेले नसते. ते मराठीतच मोजत असते.