जपानी खड्गांचा मूलनिर्णय व नाममुद्रेचें प्रामाण्य

जुन्या जपानी तलवारीचें मूळ ठरवितांना, म्हणजे ती कोणत्या प्रांतीं, कोणत्या काळीं व कोणाच्या हातून घडली हें सांगतांना, संग्राहकाची दृष्टि प्रथम मुठींत दडलेल्या अक्षरांकडे धांवते. अक्षरें लागलीं कीं निर्णय झाला, व अक्षरें नसलीं कीं तलवार निनांवी, असा समज आपल्याकडेच काय, पण खुद्द जपानांतहि रूढ होता. हा समज दोन्ही अंगांनीं सदोष आहे, हें दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय परदेशचा खरा. परंतु सनदा, महजर व शिक्के पारखण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या वाचकांस त्यांतील तर्कपद्धति परकी वाटणार नाहीं. शिवाय यास व्यवहाराचीहि एक बाजू आहे. १९४५ सालीं आग्नेय आशियांत जपानी सैन्यानें शस्त्रें खालीं ठेविलीं, तेव्हां हिंदी पलटणींतील अधिकाऱ्यांकडेहि अशा तलवारी आल्या. त्यांचें मूळ विचारण्यांत येतें, आणि उत्तर शोधण्याच्या घाईंत पुष्कळदां पुरावाच घासून टाकला जातो.

प्रथम बाह्य उपाधि बाजूस सारूं. मूठ, परज व म्यान हीं पात्याच्या मुळाविषयीं जवळजवळ कांहींच सांगत नाहींत. १९३४ सालीं जपानी लष्करानें अधिकाऱ्यांसाठीं तलवारीचा जो नमुना ठरविला, त्याच्या मुठींत कारखान्यांतलें नवें पातेंहि बसविलें जाई व घराण्यांत चालत आलेलें चारपांचशें वर्षांचें पातेंहि बसविलें जाई. उलट १९३५ च्या नमुन्याची, हवालदार दर्जाच्या लोकांस दिलेली तलवार सर्वस्वीं कारखान्याची असून तिच्या पात्यावर अनुक्रमांक असतो. तेथें वादास जागाच नाहीं.

पात्याचा जो भाग मुठींत जातो त्यास जपानी लोक ‘नाकागो’ म्हणतात; आपण त्यास पुच्छ म्हणूं. बांबूची एक खुंटी काढली कीं मूठ सुटते व पुच्छ दिसूं लागतें. लोहाराचें नांव, गांव व तिथि येथेंच कोरलेलीं असतात. हीं अक्षरें खरीं आहेत असें धरून चाललें तरी त्यांचा अर्थ सरळ नाहीं. ‘एचिझेन-नो-कामी सुकेहिरो’ अशीं अक्षरें पाहून ही तलवार एचिझेन प्रांतांतली असें कोणी म्हणेल, तर तो फसला. ‘नो-कामी’ ही प्रांताधिपतीची नुसती पदवी असून सतराव्या शतकांतील हा सुकेहिरो ओसाका शहरीं काम करीत होता. स्थान सांगणारा शब्द ‘जू’ म्हणजे निवासी हा होय. ‘बिझेन-नो-कुनी ओसाफुने-जू’ असें असेल तर मात्र बिझेन प्रांतांतील ओसाफुने गांवचा लोहार असा अर्थ खराच निघतो. पुणेकर आडनांवाचा मनुष्य पुण्यासच राहतो असें आपण धरीत नाहीं. तोच विवेक येथें हवा.

त्याच ओसाफुने गांवची दुसरी गोष्ट अधिक बोधप्रद आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीच्या काळीं तेथें तलवारींचें घाऊक उत्पादन चाले, व ‘सुकेसादा’ हें नांव कित्येक लोहारांनीं चालविलें. घाऊक मालावर ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’ एवढीच त्रोटक अक्षरें असत. कोणा सरदारानें मुद्दाम घडवून घेतलेल्या पात्यावर मात्र प्रांत, गांव, लोहाराचें व्यवहारांतलें नांव व मग सुकेसादा अशी लांब मुद्रा येते. दोन्ही मुद्रा अस्सल. पण पहिली दुकानाची व दुसरी माणसाची. तिथीचेंहि असेंच आहे. बहुसंख्य पात्यांवर दुसरा किंवा आठवा महिना कोरलेला असतो. जपानांतले सगळे लोहार त्या दोनच महिन्यांत भट्टी पेटवीत होते असें नव्हे. तो संकेत आहे. वर्ष घ्यावें, महिन्यावर इमारत रचूं नये.

कधीं कधीं मुद्रा पोलादाचेंहि मूळ सांगूं पाहते. तोकुगावा इएयासु याच्या पदरीं असलेल्या यासुत्सुगु नामक लोहारानें आपल्या पात्यांवर ‘नानबान लोखंडानें’ घडविल्याचें कोरून ठेविलें आहे. नानबान म्हणजे दक्षिणेकडून आलेले रानटी लोक, अर्थात् पोर्तुगीज व त्यांच्या मागून आलेले इतर दर्यावर्दी. हें पोलाद हिंदुस्थानचें असावें असा तर्क कित्येकांनीं केला आहे, व आपणांस तो गोड वाटणें साहजिक आहे. परंतु तो शब्द माल कोणी आणला तें सांगतो. खाण कोठली तें सांगत नाहीं. आपल्याकडे ‘फिरंग’ म्हटल्यानें पातें फिरंग्यांकडून आलें एवढेंच कळतें, तें कोणत्या देशच्या भट्टींतलें हें कळत नाहीं, तसेंच हें.

मुद्रा कोणत्या बाजूस आहे यालाहि महत्त्व आहे. जुनी ‘ताची’ तलवार धार खालीं करून कमरेस टांगीत. पुढची ‘कताना’ धार वर करून पट्ट्यांत खोंवीत. अंगाबाहेरच्या बाजूस नांव कोरावयाचें असा नियम असल्यानें दोहोंची मुद्रा परस्परविरुद्ध बाजूंस येते. कोणी हा नियम पाठ करून ताबडतोब काळ सांगूं लागतो. पण बिच्चू प्रांताच्या आओए घराण्यांत ताचीवर उलट्या बाजूस, व हिझेनच्या तादायोशी घराण्यांत कतानावर ताचीच्या बाजूस नांव घालण्याची चाल होती. अपवाद ज्यास ठाऊक नाहींत त्यानें नियमावर निकाल देऊं नये.

बनावट मुद्रांची तर गणतीच नाहीं. सतराव्या शतकांत एदो शहरीं चिलखतें घडविण्याचें सोडून तलवारीकडे वळलेला कोतेत्सु इतका लोकप्रिय झाला, कीं कोतेत्सूची सही दिसली कीं खोटी समजावी, अशी म्हणच जपानांत पडली. नांव कोरण्यास छिन्नी व घटकाभर वेळ पुरतो. पात्याचें शरीर मात्र खोटें करतां येत नाहीं, निदान इतकें सहज येत नाहीं. म्हणून जाणता परीक्षक मूठ न काढतां आधीं पातें पाहतो, आपलें मत बांधतो, व नंतर पुच्छ उघडतो.

पात्याच्या शरीरांत तीन गोष्टी पाहावयाच्या. पहिली आकृति. बाराव्या शतकाच्या आसपासचें पातें निमुळतें, बांक मुठीजवळ, टोंक लहान. चौदाव्या शतकाच्या मध्यास पातें रुंद व प्रचंड होतें, लांबी तीन शाकूंच्या (एक शाकु म्हणजे जवळजवळ एक फूट) पुढें जाते, टोंकहि लांबतें. १६६१ ते १६७३ च्या सुमारास बांक जवळजवळ नाहींसा होतो. दुसरी गोष्ट जौहर, म्हणजे पोलादाच्या घड्यांनीं पृष्ठभागावर उठलेली रेखाकृति. यामातो प्रांतीं ती सरळ उभी, यामाशिरो प्रांतीं अत्यंत बारीक. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, पाणी दिल्यानें धारेलगत उठलेली शुभ्र रेषा. कामाकुरा येथील सोशू परंपरेंत तिच्यांत डोळ्यांस सुटे दिसणारे चकचकीत कण असतात. बिझेनमध्यें कण इतके सूक्ष्म कीं धुक्याची पट्टी भासावी, व तिच्या वर पात्याच्या अंगांत एक अस्पष्ट छाया. यामाशिरो, यामातो, बिझेन, सोशू व मिनो या पांच परंपरांची जी वाटणी आज सर्वत्र सांगतात, ती होन्नामी कोसोन या विसाव्या शतकांतील परीक्षकानें रूढ केली. शिकणारास ती सोयीची आहे. पण जुने लोहार स्वतःस त्या पांच कप्प्यांत बसलेले समजत होते असें मानूं नये.

हें शरीरहि अविकृत राहतेंच असें नाहीं. १६१५ सालीं ओसाकाचा किल्ला पडला व १६५७ सालीं एदो शहर जळलें, तेव्हां अनेक नामांकित पातीं भाजून निघालीं. त्यांपैकीं कांहींस फिरून पाणी देण्यांत आलें. वर सांगितलेल्या यासुत्सुगूनें तें काम ओसाकाच्या पात्यांवर केलें. अशा पात्याची आकृति एका लोहाराची व धारेची रेषा दुसऱ्याची, मग मूळ कोणाचें म्हणावें?

याहून सामान्य विकार म्हणजे आंखडणें. लांब पातीं पुढच्या पिढ्यांस गैरसोयीचीं वाटलीं, तेव्हां तीं टोंकाकडून नव्हे तर पुच्छाकडून कापलीं गेलीं, व कापतांना मुद्रा निघून गेली. याचा पुरावा कधीं कोरीव कामांत सांपडतो. ओसाफुनेच्या कागेमित्सूची १३२२ सालची एक तलवार तोक्यो येथील राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. तिच्या एका अंगास खड्गास वेढलेला लहान नाग व दुसऱ्या अंगास संस्कृत बीजाक्षर कोरलेलें आहे. पातें आंखडल्यामुळें त्या नागाचा खालचा भाग मुठीच्या कंठपट्टीखालीं गेला, म्हणून तिला ‘डोकावणारा नाग’ असें म्हणतात. मूळ कारागीर आपली आकृति झांकली जाईल अशा जागीं कोरणार नाहीं. तेव्हां पातें किती सरकलें याचें मापच येथें मिळतें.

बीजाक्षरांविषयीं येथें दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. चीनमार्गें जपानांत गेलेल्या सिद्धम् लिपींतील हीं अक्षरें आपल्या वाचकांस थोड्या अभ्यासानें लागतील. ‘हां’ हें अचलाचें, ज्यास तिकडे फुदो म्हणतात, ‘वै’ हें वैश्रवणाचें, ‘ह्रीः’ हें अमिताभाचें. मात्र अक्षर ओळखतां आल्याच्या आनंदांत त्यावरून प्रांत सांगूं नये. अक्षर देवता सांगतें, लोहार सांगत नाहीं. शिवाय पात्यांतला दोष लपविण्यासाठीं मागाहून कोरीव काम करण्याची युक्तिहि जुनी आहे. शिकलगाराच्या हाताखालून शतकानुशतकें गेलेल्या पात्यावर अक्षर झिजलेलें असावयास पाहिजे. पातें झिजून पातळ झालेलें व अक्षर मात्र काल कोरल्यासारखें तीक्ष्ण, असें दिसलें कीं संशय घ्यावा.

आतां मुख्य वादाकडे वळतों. कामाकुराचा मासामुने हा जपानचा सर्वश्रेष्ठ खड्गकार मानला जातो. त्याचा काळ तेराव्या शतकाचा शेवट व चौदाव्याचा पूर्वार्ध. १८९६ सालीं इमामुरा चोगा या नामांकित परीक्षकानें ‘योमिउरी’ वृत्तपत्रांत या मासामुनेच्या कीर्तीवरच कुऱ्हाड घातली. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, कीं मासामुनेचीं म्हणून मिरविलेलीं पातीं बहुतेक सारीं मुद्राहीन आहेत, व त्याची थोरवी तोयोतोमी हिदेयोशीच्या काळीं, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, वाढविण्यांत आली. त्या काळीं सरदारांस बक्षीस देण्यास बहुमोल तलवारी हव्या होत्या, आणि परीक्षेचा अधिकार होन्नामी घराण्याकडे होता.

आमच्या मतें इमामुरानें दोन स्वतंत्र प्रश्न एकत्र गुंतविले. मासामुने नांवाचा थोर लोहार झाला कीं नाहीं, हा एक. अमुक पातें त्याचें कीं नाहीं, हा दुसरा. अनुपलब्धि हें प्रमाण खरें, पण वस्तु असती तर ती दिसलीच असती, अशा स्थळींच तें लागू पडतें. आंखडलेल्या लांब पात्यावर मुद्रा दिसत नाहीं यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं, कारण ती राहण्याची जागाच कापली गेली आहे. कट्यारींची गोष्ट वेगळी. त्या सहसा आंखडीत नसत, व तरीहि मासामुनेच्या म्हणून मानलेल्या बहुतेक कट्यारी मुद्राहीन आहेत. भाजीच्या सुरीसारख्या रुंद अशा ज्या तीन प्रसिद्ध आहेत त्यांवर अक्षर नाहीं. येथें इमामुराचा आक्षेप वजनदार आहे, व ‘राजाश्रय असल्यानें त्यास सही करण्याचें कारण नव्हतें’ हें परंपरेचें उत्तर आम्हांस पटत नाहीं. परंतु ‘फुदो’, ‘क्योगोकु’ व ‘दाइकोकु’ या नांवांच्या कट्यारींवर त्याची मुद्रा आहे. आणि मुद्रेहूनहि बलवत्तर साक्ष पोथीची आहे. क्योतोच्या तोजी मंदिरांतील कांचिइन् मठांतून आलेली खड्गकारांच्या नांवांची एक पोथी १४२३ ची नक्कल असून तिच्यांतील कालगणना १३१६ साल धरून केलेली आहे. तींत सागामी प्रांताच्या लोहारांत मासामुनेचें नांव आहे. ही नक्कल हिदेयोशीच्या राजवटीच्या दीडशें वर्षें आधींची. तेव्हां होन्नामींनीं मासामुने निर्माण केला हें म्हणणें टिकत नाहीं.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र इमामुराचा संशय आजहि उपयोगी आहे. होन्नामी कोतोकु यानें आंखडलेल्या मुद्राहीन पात्यांवर सोन्याच्या अक्षरांनीं मासामुनेचें नांव बसविलें. तोक्योच्या संग्रहालयांतील एका सुप्रसिद्ध तलवारीवर मालकाचें नांव, मासामुनेचें नांव व कोतोकूची निशाणी अशीं तिन्ही आहेत. हीं अक्षरें लोहाराचीं नव्हत. तें परीक्षकाचें मत आहे, धातूंत लिहिलेलें इतकेंच. त्या घराण्याच्या दाखल्यांत तलवारीची किंमतहि सोन्याच्या नाण्यांत लिहीत. १७१९ सालीं तोकुगावा योशिमुने याच्या आज्ञेवरून जी नामांकित खड्गांची यादी सादर झाली, तीहि होन्नामी कोचू यानेंच केली, व तींत सर्वांत अधिक पातीं मासामुनेचीं आहेत. जो पारखतो तोच मोल ठरवितो, आणि यादीहि तोच करितो, अशी साक्ष आपण एखाद्या वतनाच्या तंट्यांत एकटी मान्य केली असती काय? तरी ती फेंकून देण्याचें कारण नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या हजारों पातीं हाताखालून गेलेल्या माणसांचें तें मत आहे. मत म्हणून त्याचें मोल फार मोठें आहे, दस्तऐवज म्हणून नाहीं. हल्लींचे जपानी परीक्षक अशा ठिकाणीं नांवाआधीं ‘देन’, म्हणजे ‘परंपरेनें’, हा शब्द घालतात, तो मार्ग आम्हांस प्रामाणिक वाटतो. मासामुनेच्याच तोडीच्या गो योशिहिरोची तर एकहि सही कोणीं पाहिलेली नाहीं. गोची तलवार व भूत हीं कोणीं पाहिलेलीं नाहींत, असें जपानी लोकच थट्टेनें म्हणतात.

ज्यांच्या घरीं अशी तलवार असेल त्यांस एक विनंति. पुच्छावरील काळसर गंज कांचकागदानें, आम्लानें किंवा तेलाच्या चिंधीनें घासूं नये. मुद्रेच्या खांचेंतला गंज व बाजूचा गंज एकाच रंगाचा आहे कीं नाहीं, यावरूनच मुद्रा मागाहून कोरली किंवा काय तें कळतें. कानशीचे ओरखडे कोणत्या दिशेनें गेले आहेत, खुंटीचीं छिद्रें किती, पुच्छाचें टोंक मूळचें कीं कापलेलें, हें त्या गंजाखालींच वाचावयाचें असतें. एक छिद्र सोडून दोन-तीन असतील तर पातें आंखडलें असण्याचा संभव जाणावा. पुच्छावर पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल हलकेच फिरविली, तर शिलालेखाच्या ठशाप्रमाणें अक्षरें व ओरखडे उमटतात. जपानांतहि ही चाल जुनी असून, कोतोकूनें काढून ठेविलेल्या चित्रांमुळेंच ओसाकास जळालेल्या कांहीं पात्यांचें मूळ रूप आज पाहतां येतें. ठसा दोन्ही अंगांचा घ्यावा, पात्याची लांबी खांचेपासून टोंकापर्यंत सरळ रेषेंत मोजून त्यावरच लिहावी, आणि मूठ परत बसवितांना तीच जुनी खुंटी घालावी.