मंद गतीचे दोन अर्थ : इंग्रजी कालवा-प्रवासवर्णनातील विसावा आणि श्रम

१

प्रवासवर्णनाच्या समीक्षेत प्रवासी कोठे गेला आणि त्याने काय पाहिले याची चर्चा विपुल होते. तो कोणत्या गतीने गेला हा प्रश्न सहसा दुर्लक्षित राहतो. इंग्लंडमधील कालव्यांवरून नावेने केलेल्या संथ सहलींच्या लेखनात हा प्रश्न टाळता येत नाही, कारण तेथे गती हाच आशयाचा मोठा भाग असतो. या कालव्यांवरील कमाल वेगमर्यादा सामान्यतः ताशी ४ मैल आहे. म्हणजे काठाने झपझप चालणारा माणूस नावेच्या बरोबरीने जाऊ शकतो. कुरणे, विटांचे कमानदार पूल, काठावरची मद्यगृहे यांचे सावकाश उलगडणारे दर्शन हा या लेखनाचा परिचित ऐवज होय. तथापि ही मंद गती मुळात कोणाची होती आणि ती विसाव्याची खूण कशी झाली, हे तपासल्याशिवाय या लेखनाचे मूल्यमापन पुरे होत नाही.

मराठीत ‘कालवा’ हा शब्द प्रामुख्याने शेतीच्या पाण्याशी जोडलेला आहे. इंग्लंडमधील हे कालवे मात्र मालवाहतुकीसाठी खोदले गेले. १७६१ मध्ये खुल्या झालेल्या ब्रिजवॉटर कालव्याने वर्स्लीच्या खाणींतील कोळसा मँचेस्टरसाठी स्वस्त केला आणि पुढच्या काही दशकांत असे जलमार्ग देशभर पसरले. आज ज्याला निवांत ग्रामीण निसर्ग म्हणून पाहिले जाते, ते वस्तुतः औद्योगिक क्रांतीचे बांधकाम आहे. जेरोम के. जेरोम यांचे ‘थ्री मेन इन अ बोट’ (१८८९) थेम्स नदीवर घडते, ही बाब येथे सूचक ठरते. नदी तोवर विहाराचे स्थान झाली होती. कालवा अद्याप कामाचे ठिकाण होता.

२

कालव्याला विहाराच्या वाङ्मयात प्रतिष्ठा मिळाली ती एल. टी. सी. रोल्ट यांच्या ‘नॅरो बोट’ (१९४४) या ग्रंथामुळे. १९३९ च्या उन्हाळ्यात रोल्ट पत्नीसह ‘क्रेसी’ या नावेतून बॅनबरीहून निघाले. प्रवास चालू असतानाच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि युद्ध संपण्यापूर्वी पुस्तक वाचकांच्या हाती आले. ग्रामजीवनाचे पुरस्कर्ते एच. जे. मॅसिंगहॅम यांची प्रस्तावना त्याला लाभली. यंत्रयुगाने उद्ध्वस्त केलेल्या हस्तकौशल्याविषयीची हळहळ हा या ग्रंथाचा स्थायी सूर आहे. नावेच्या दारांवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले, चकचकीत पितळ, लोहाराचे काम यांकडे रोल्ट ज्या तन्मयतेने पाहतात, तिच्यामुळे हे लेखन हौशी सहलीच्या पातळीवरून वर उठते.

या तन्मयतेत एक अंतर्विरोधही आहे. रोल्ट स्वतः प्रशिक्षित अभियंता होते आणि ‘क्रेसी’ चालत होती ती फोर्ड मोटारीच्या इंजिनावर. हा विरोध लेखकाच्या अप्रामाणिकपणाचा नाही. तो या वाङ्मयप्रकाराच्या मुळाशीच आहे. प्रवासी ज्या संथपणाचे गुणगान करतो तो त्याने निवडलेला असतो आणि तो केव्हाही सोडून देता येतो. नावाड्याला तो सोडता येत नव्हता. त्याची मजुरी वाहून नेलेल्या मालावर आणि फेरीवर अवलंबून असे. खोळंब्याचा प्रत्येक तास त्याच्या पदरचा जाई.

रोल्टपूर्वी कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथ यांनी ‘अवर कॅनाल पॉप्युलेशन’ (१८७५) या पुस्तकात याच समाजाचे अगदी वेगळे चित्र काढले होते. जेमतेम १० फुटांच्या खोपटीत कोंबलेली कुटुंबे, अस्वच्छता आणि मुलांची निरक्षरता त्यांनी पुढे मांडली. त्यांच्या चळवळीतून १८७७ चा कायदा झाला आणि निवासी नावांची नोंदणी करून त्यांतील माणसांच्या संख्येवर मर्यादा घालण्यात आली. सुधारकाला या खोपटीत दैन्य दिसले, रोल्ट यांना तेथे सौंदर्य दिसले. दोन्ही दर्शने बाहेरच्या माणसाची आहेत. बहुतांशी निरक्षर राहिलेल्या या समाजाने स्वतःविषयी फारसे लिहून ठेवलेले नाही. त्यामुळे गुलाब आणि किल्ल्यांची चित्रे हीच त्याची सर्वांत ठळक स्वहस्ताक्षरे ठरतात.

३

एमा स्मिथ यांचे ‘मेडन्स ट्रिप’ (१९४८) या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. युद्धकाळात मनुष्यबळ अपुरे पडल्यावर तरुण स्त्रियांना मालवाहू नावांवर घेण्यात आले. स्मिथ त्यांपैकी एक होत्या. या अनुभवावर आधारलेल्या कथनात तीन मुली नावांची जोडी घेऊन लंडनहून बर्मिंगहॅमकडे पोलाद नेतात आणि कॉव्हेन्ट्रीच्या परिसरातून कोळसा घेऊन परततात. पाणी आणि काठ रोल्ट यांच्याच जगातले आहेत. पण कथनाचा काळ भूक, चिखल, थंडी आणि पोहोचण्याची घाई यांनी बांधलेला आहे.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘लॉक’. दोन्ही टोकांना दारे असलेला हा हौद. पाणी भरून वा सोडून नावेला वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेतो. सहलीच्या वर्णनात लॉक म्हणजे गप्पांचा थांबा असतो. मालवाहू नावेसाठी मात्र तो आपल्या पातळीवर तयार मिळणे हे भाग्य होते, आणि नावाड्यांच्या बोलीत त्याला ‘चांगला रस्ता’ म्हणत. पुढे दुसरी नाव गेलेली असली की प्रत्येक लॉक उलट मिळतो आणि पाणी पुन्हा भरण्यात वेळ जातो. लंडन-बर्मिंगहॅम मार्गावर हॅटन येथे असे २१ लॉक ओळीने आहेत. तेथे कोणाच्या पुढे वा मागे आपण आहोत यावर दिवस ठरतो. वरून संथ भासणाऱ्या पाण्यावर प्रत्यक्षात शर्यत चालू होती, हे कालव्यावरच्या कामाचे कथन उघड करते.

स्मिथ याही बाहेरच्याच. युद्ध संपताच त्यांना परत जाता येणार होते. परंतु आपले नवखेपण त्यांनी झाकलेले नाही. तेच कथनातील विनोदाचे आणि संकोचाचे उगमस्थान आहे. नावाड्यांचे कौशल्य रोल्ट आदराने वर्णितात, स्मिथ यांना ते आपल्या चुकांमधून कळते. वाङ्मयीन सचोटीच्या कसोटीवर ‘मेडन्स ट्रिप’चे पारडे म्हणूनच जड ठरते.

४

परिणामाच्या दृष्टीने मात्र ‘नॅरो बोट’ला तोड नाही. ते वाचून रॉबर्ट एकमन यांनी रोल्ट यांच्याशी संपर्क साधला आणि १९४६ मध्ये ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ स्थापन झाली. लवकरच दोघांत मतभेद झाले. एकमन यांना सर्व जलमार्ग खुले हवे होते, विहारासाठीही. रोल्ट यांची आस्था प्रथम नावाड्यांच्या चालत्या व्यवसायाशी होती. १९५१ मध्ये रोल्ट यांनाच संस्थेतून काढण्यात आले. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात कालवे गोठले आणि उरलेल्या मालवाहतुकीला जबर तडाखा बसला. १९६८ च्या कायद्याने अनेक कालव्यांचे ‘क्रूझिंग वॉटरवेज’ असे वर्गीकरण केले. विहार हेच त्यांचे अधिकृत प्रयोजन झाले. पुस्तकाने कालवा वाचवण्यास हातभार लावला, परंतु ज्यांच्यासाठी लेखक व्याकूळ होता ते नावाडी त्या पाण्यावरून नाहीसे झाले.

हा प्रश्न केवळ इतिहासजमा नाही. १९९५ च्या कायद्यानुसार स्वतःचा कायमचा तळ नसलेल्या नावेला सामान्यतः एका जागी सलग १४ दिवसांहून अधिक थांबता येत नाही. लंडनसारख्या शहरात घर परवडत नाही म्हणून नावेत राहणाऱ्यांना अशा रीतीने सतत, सावकाश, पुढे सरकत राहावे लागते. त्याच पाण्यावरून सुटीसाठी भाड्याने घेतलेली नाव जाते. दोघांची गती ताशी ४ मैलांच्या आतलीच असते. संथ प्रवासाच्या कोणत्याही साहित्याचे तौलनिक वाचन करताना या समान गतीमागील विषम परिस्थिती नोंदवणे आवश्यक ठरते. अन्यथा समीक्षाही प्रवाशाच्याच नावेत बसून काठ पाहत राहील.