गरीचं व्याकरण

बांबूची काठी, तंगूस, मोरपिसाची काडी, शिशाचा मणी आणि टोकाला गरी. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडच्या एखाद्या मामा तलावाच्या पाळीवर (मामा म्हणजे माजी मालगुजारी, मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली, तलाव राहिले) ढिवरांचा पोरगा ही पाच पदं जुळवत बसलेला दिसला की मी थांबतो. मला त्यात मराठी वाक्य दिसतं: सगळी जुळवाजुळव आधी, क्रियापद अगदी शेवटी.

आधी गाठ पाहावी. तंगूस गरीच्या नेढ्यातून ओवून टोक मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे फिरवायचं आणि नेढ्यालगतच्या फटीतून परत काढायचं. आवळण्याआधी थुंकी. कोरडी गाठ घासून तापते आणि नायलॉन तिथंच कच्चं पडतं. पोरगा हे कारण सांगत बसत नाही. गाठ ओठांत धरतो, ओढतो.

आमिष म्हणजे कणकेत तांदळाचा कोंडा. गोंदियात कोंड्याला काय तोटा? पण तो जास्त झाला की गोळी पाण्यात विरते. मरळीसाठी मात्र गांडूळच.

या रचनेचा जीव काडीत आहे. शिसं एवढंच हवं, की काडी उभी राहील आणि पेरभर टोक पाण्यावर उरेल. हलकं पडलं तर ती आडवी लोळते, जड झालं तर बुडते. मग वाचायचं काय? (मणी दातानं दाबून बसवू नये, हे मी सांगून थकलो.) खाली काय चाललंय ते काडी सांगत नाही, सुचवते, आपल्या काव्यशास्त्रातला ध्वनी तो हाच. नुसती थरथर म्हणजे चिल्लर मासळी कणीक टोचते आहे. एका दमात खाली गेली, तर कुणीतरी आमिष घेऊन निघालं. पण मला आवडतो तो तिसरा अर्थ. गरीजवळचं शिसं माशानं आमिषासकट वर उचललं की काडीवरचा भार सुटतो. ती बुडायची सोडून वर येते, कलते, आडवी होते. नवखा इथं बुडण्याची वाट बघत राहतो.

मीही तेच करत होतो. पोरानं मनगट उचललं तेव्हा काडी पाण्यावर आडवीच पडलेली होती.