स्मृतींतील माजघर

आजीवरील लेख मराठी वाचकाला सहसा नकोसा होत नाहीं. देवघरांतील समई, पहांटेचें जातें, फडताळांतून निघणारा खाऊ, निजतांना ऐकलेली गोष्ट, एवढें साहित्य जमलें कीं लेख सिद्ध झाला. असे लेख आम्हांलाही गोड वाटतात. परंतु त्यांतील बहुतेकांत आजी आहे, बाई मात्र नाहीं, ही आमची तक्रार आहे. नातवंड जागें होई तेव्हां दळण सरत आलेलें असे; म्हणून त्याच्या आठवणींत ओवी राहिली, हाताचे घट्टे राहिले नाहींत.

या घराची दुसरी बाजू पाहावयाची असेल, तर ज्या त्यांत सून किंवा लेक म्हणून वावरल्या त्यांच्याच ग्रंथांकडे वळावें. रमाबाई रानडे १८७३ सालीं, अकराव्या वर्षाच्या सुमारास, सासरीं आल्या. पतीनें हौसेनें शिकवावें आणि घरांतील वडील बायकांनीं त्याच शिकण्याबद्दल बोलावें, अशा पेचांत त्यांचे दिवस गेले. 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' (१९१०) या पुस्तकांत त्यांनीं त्या बायकांना दुष्ट ठरविलेलें नाहीं. जें मुकाट्यानें सोसलें तें संयमानें लिहिलें, आणि तो संयमच वाचकाला अधिक बोचतो.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें'ची (१९३४ ते १९३७) रीत निराळी. वडिलांचें सोंवळें इतकें कडक कीं मीठसुद्धां धुऊन घ्यावयाचें! लक्ष्मीबाई हें हंसत सांगतात. तरी त्या पाण्यांत कोणाचे हात भिजत असत, हें त्या हंसण्याआड लपत नाहीं.

मग त्या घरांत माया नव्हती काय? होती, दोन्ही ग्रंथांत ती पानोपानीं आहे. पण माया आणि कष्ट एकाच हाताचे होते. खाऊ गोड होता हें जितकें खरें, तितकेंच तो देणारी स्वतः केव्हां जेवली हेंही सांगण्यासारखें आहे. तें वगळलें कीं मायाही स्वस्त होते.

रमाबाई माहेरच्या यमुना, लक्ष्मीबाई माहेरच्या मनकर्णिका. त्यांनीं लेखणी धरली म्हणून हीं नांवें आपणांस ठाऊक. आपल्या पणजीचें माहेरचें नांव सांगूं शकतील असे वाचक किती निघतील? आजीवर लिहूं इच्छिणारानें, घरांत कोणी वडील माणूस आहे तोंवर, आधीं तेवढें विचारून घ्यावें. पुढील लेख आपोआप निराळा होईल.