रजोनिवृत्ती, संप्रेरके आणि स्मृतिभ्रंश : एका अनुमानाची चिकित्सा

रजोनिवृत्तीनंतर अंडाशयातील इस्ट्रोजेनची निर्मिती जवळजवळ थांबते. वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक असते. ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवून, संप्रेरकाची उणीव भरून काढल्यास बुद्धी शाबूत राहील, असे अनुमान विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. रॉबर्ट विल्सन ह्यांच्या ‘फेमिनिन फॉरेव्हर’ (१९६६) ह्या ग्रंथाने रजोनिवृत्तीलाच न्यूनताजन्य विकार ठरविले. पुढे अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांत स्मृतिभ्रंश कमी आढळला आणि अनुमानास सिद्धान्ताची प्रतिष्ठा लाभली.

ह्या युक्तिवादातील वैगुण्य उघड आहे. स्वेच्छेने संप्रेरके घेणारी स्त्री बहुधा अधिक शिकलेली व सुस्थितीतील असते. तेव्हा दिसणारा लाभ औषधाचा की परिस्थितीचा, हे निरीक्षणाने ठरत नाही. स्त्रियांचे दीर्घायुष्यही त्यांतील रुग्णसंख्या वाढवितेच.

निर्णायक आघात २००३ साली झाला. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’च्या स्मृतिविषयक प्रयोगात ६५ वर्षे व त्यावरील ४,५३२ स्त्रियांची यदृच्छेने विभागणी करण्यात आली होती. संभाव्य स्मृतिभ्रंशाचे निदान झालेल्या ६१ जणींपैकी ४० इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्या, तर २१ निष्क्रिय गोळी घेणाऱ्या होत्या. धोका दुप्पट झाला खरा; परंतु प्रत्यक्ष वाढ दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला सुमारे २३ इतकी होती. दुप्पट हा शब्द उच्चारताना ही दुसरी संख्या वगळणे न्याय्य नव्हे.

ह्यावरून सर्व वयांतील स्त्रियांना संप्रेरके घातक होत, असा उलट निष्कर्ष काढणे तितकेच अप्रशस्त ठरते. प्रयोगातील स्त्रियांची रजोनिवृत्ती बहुतांशी दशकापूर्वीच उलटली होती, आणि औषध घोडीच्या मूत्रापासून काढलेले विशिष्ट मिश्रण होते. योग्य काळी उपचार आरंभिल्यास मेंदूचे रक्षण होईल, हे ‘कालसापेक्षते’चे मत त्यातूनच पुढे आले. तथापि २०१३ व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत रजोनिवृत्तीच्या आसपास उपचार घेतलेल्या स्त्रियांच्या बौद्धिक कार्यास हानी दिसली नाही, तसा लाभही दिसला नाही. ह्या मताचा अर्धाच भाग टिकला. शिवाय त्या चाचण्यांनी स्मरणादी शक्ती मोजल्या. पुढील दोन-तीन दशकांत उद्भवणारा स्मृतिभ्रंश नव्हे.

तात्पर्य, अंगाची लाही व निद्रानाश ह्यांनी त्रस्त असलेल्या पन्नाशीतील स्त्रीस केवळ स्मृतिभ्रंशाच्या भयाने उपचार नाकारणे, आणि सत्तरीतील स्त्रीस स्मृतिरक्षणार्थ तोच उपचार देणे, ही एकाच घाईची दोन रूपे होत. सहसंबंधास कारण मानण्याचा मोह दोन्हींच्या मुळाशी आहे.