गोन्सालो गार्सियाची आई : एका कोऱ्या रकान्याविषयी

गोन्सालो गार्सिया हे नाव वसईत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गास गावच्या चर्चला ते आहे, वसईतल्या महाविद्यालयाला आहे. सुमारे १५५७ साली वसईत जन्मलेला हा मुलगा पंधराव्या वर्षाच्या आसपास येशूसंघीयांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे व्यापारात पडला, मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला इतर पंचवीस जणांबरोबर त्याला क्रुसावर मारण्यात आले. १६२७ मध्ये रोमने त्याला धन्य ठरवले, १८६२ मध्ये संतपद दिले. बाप पोर्तुगीज, आई इथली, एवढे त्याच्या प्रत्येक चरित्रात असते. पण आईच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी एकच शब्द येतो : 'कनारिम'. तिचे नाव येत नाही.

या शब्दापासूनच सुरुवात करायला हवी, कारण त्याचे अर्थ लावताना आपल्याकडे बरीच मोडतोड झाली आहे. 'कनारिम' म्हणजे कानडी, म्हणून ती कर्नाटकातून आलेली, असे ठामपणे सांगणारे मला भेटले आहेत. कान्हेरीच्या लेण्यांनाही पोर्तुगीज लेखक 'कनारी' म्हणतात, म्हणून ती साष्टीची, असेही ऐकले आहे. दोन्ही तर्क शब्दाच्या ध्वनीवर उभे आहेत. सोळाव्या शतकातला पोर्तुगीज कारकून गोव्याच्या आणि कोकणपट्टीच्या रहिवाशाला सरसकट 'कनारिम' म्हणत असे. त्या शब्दात जात नाही, गाव नाही, भाषाही नेमकी नाही. 'आमच्यातली नव्हे, इथली' एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे आईची ओळख म्हणून जो शब्द आपण जपून ठेवला आहे, तो ओळख न विचारताच लिहिलेला शब्द आहे.

आणि मग ही रिकामी जागा भरायला सगळे धावतात. गावोगावच्या स्मरणिकांत, व्याख्यानांत, घरगुती बैठकीत ती कधी या समाजाची होते, कधी त्या. यात वाईट हेतू नसतो. आपल्या गावचा संत आपल्या रक्ताचा असावा असे कोणाला वाटणार नाही? पण पुरावा म्हणून जे पुढे येते ते बहुधा आजची वस्ती असते : आज अमक्या गावात अमका समाज राहतो, म्हणून साडेचारशे वर्षांपूर्वीही तोच असणार. इतिहासलेखनात याला काही किंमत नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवे. दिवाळी अंकातून सांगितले तर भांडण थोडे सौम्य होईल, अशी आशा आहे.

'चर्चच्या दप्तरात असेलच की,' हा पुढचा नेहमीचा आधार. इथे दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. स्नानसंस्कार आणि विवाह यांची नोंदवही प्रत्येक धर्मग्रामात ठेवलीच पाहिजे, हा नियम ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये केला. गोव्याची पहिली प्रांतीय धर्मसभा, जिथे ट्रेंटचे निर्णय इथल्या चर्चसाठी हाती घेतले गेले, भरली १५६७ मध्ये. गोन्सालो तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याच्या आईबापांचे लग्न लागले, त्याच्या डोक्यावर पाणी घातले गेले, ते सगळे या सक्तीच्या आधी. दुसरी गोष्ट : वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात आली १५३४ च्या अखेरीस, गुजरातच्या बहादूरशाहाबरोबर झालेल्या तहाने. म्हणजे ही बाई पोर्तुगीज वसई अगदी नवी असतानाची, कदाचित त्याच्याही आधी जन्मलेली. तिला जन्मतः एक नाव असणार आणि पाणी घेताना दुसरे मिळाले असणार. पहिले नाव घरच्यांच्या तोंडी राहिले, दुसरे लिहून ठेवण्याची वही अजून उघडायची होती.

तरीही 'त्या काळी बायकांची नावे लिहीतच नसत' हे आवडते वाक्य मला मान्य नाही. लिहीत होते. कोणाची, हा प्रश्न आहे. वसईच्याच अमलाखालच्या मुंबई बेटाचे उदाहरण घ्या. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी बेट इंग्रजांच्या, म्हणजे हंफ्री कुकच्या, हवाली झाले. हस्तांतराच्या कागदात ते कोणाच्या वाड्यात झाले हे लिहिले आहे : दिवंगत दों रोद्रिगो द मोन्सांतो यांची विधवा दोना इग्नेझ द मिरांदा. बेटाची मालकीण. (तो वाडा म्हणजे एके काळी गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे असलेल्या जहागिरीचे घर. आज ती जागा टाऊन हॉलच्या मागे, नौदलाच्या आवारात येते.) नाव, 'दोना' ही पदवी, नवऱ्याचे नाव, वैवाहिक स्थिती, सगळे एका ओळीत. कारण उघड आहे. उत्तरेकडच्या या प्रांतात पोर्तुगीज राजा गावे बहुधा तीन पिढ्यांच्या बोलीने देत असे आणि ती स्त्रियांकडेही जात. लिस्बनहून पाठवलेल्या अनाथ मुलींना तर आंदण म्हणून जमीन किंवा नवऱ्यासाठी सरकारी पद देण्याची रीत होती. जिच्यामुळे जमिनीचा हक्क ठरतो तिचे नाव कारकून चुकवत नाही. गोन्सालोच्या आईमुळे कोणत्याही गावाचा हक्क ठरत नव्हता.

याच्या अगदी उलट टोकाचे दप्तर मला क्वेकर पंथात सापडले. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या भोवती जमलेला हा 'मित्रांचा समाज'. त्यांच्यात पाद्री नाही, पाणी घालण्याचा विधी नाही. पाद्रीच नसल्यामुळे लग्न लावून देणारा कोणी नाही. मग लग्न झाले हे सांगणार कोण? जमलेले सगळे. वधूवर आधी मासिक सभेपुढे इरादा जाहीर करतात, दोघे अन्यत्र बांधलेले नाहीत ना याची चौकशी होते, आणि लग्नाच्या दिवशी हजर असलेले स्त्रीपुरुष दाखल्यावर सह्या करतात. नातेवाईकांच्या सह्या पुष्कळदा वधूवरांच्या सहीखाली वेगळ्या ओळीत असतात. शिवाय बायकांची स्वतंत्र सभा आणि तिचे स्वतंत्र इतिवृत्त. कुटुंब दुसरीकडे राहायला गेले तर इथल्या सभेचा दाखला तिथल्या सभेत दाखल होतो. अमेरिकेतल्या एखाद्या वसाहतकालीन क्वेकर बाईचे माहेर, मावश्या, सोडलेले गाव हे सगळे आज तिच्या वंशजांना सापडते ते यामुळे. आपल्याकडच्या धर्मग्रामाच्या वहीत एका फादरच्या अक्षरावर काम भागते. तिथे एका लग्नाला पन्नास हस्ताक्षरे असू शकतात, त्यांत बायकांचीही.

या कागदांतला एक सापळा इथल्या अभ्यासकांना ओळखीचा वाटेल. क्वेकर महिन्यांची नावे लिहीत नाहीत, कारण ती रोमन देवतांवरून आलेली. ते 'पहिला महिना', 'दुसरा महिना' असे लिहितात, आणि १७५२ पूर्वी इंग्रजी पद्धतीत पहिला महिना म्हणजे मार्च. आपण चैत्राचा जानेवारी करून टाकावा तसाच घोटाळा तिथे होतो. सतराव्या शतकात मुंबईचे इंग्रज आणि वसईचे पोर्तुगीज यांच्या तारखांतही दहा दिवसांचे अंतर असे, हे पत्रव्यवहार वाचताना फार लोक विसरतात.

पण क्वेकर दप्तराचेही फार कौतुक नको. बॉस्टनला १ जून १६६० रोजी फाशी दिलेली मेरी डायर ही त्या पंथाची सर्वांत प्रसिद्ध हुतात्मा. तिचे माहेरचे नाव बॅरेट हे कळते ते लंडनच्या सेंट मार्टिन इन द फील्ड्स या चर्चच्या वहीतून. तिथे २७ ऑक्टोबर १६३३ रोजी तिचे लग्न विल्यम डायरशी लागले, पंथ जन्माला येण्याच्या आधी. ती क्वेकर झाली पुढे वीसेक वर्षांनी. आईबापांची जागा तिथेही कोरी राहिली, आणि ती कोणी भरली? ती राजघराण्यातल्या आरबेला स्टुअर्टची लपवलेली मुलगी होती, अशी कथा पसरली. अभ्यासकांनी ती निकालात काढली तरी वंशावळी लिहिणाऱ्यांच्या वह्यांतून ती पुरती जात नाही. वसई असो की बॉस्टन, हुतात्म्याला साधे मूळ आपल्याला पुरत नाही.

मराठी कुलवृत्तांतांची यात काय जागा? वाटते तितकी वाईट नाही. वंशवृक्षाच्या तक्त्यात पुरुषच असतात, हे खरे. पण आत व्यक्तीच्या टिपणात बायकोचे माहेरचे नाव, सासरचे नाव, तिच्या वडिलांचे नाव देण्याची पद्धत चांगल्या कुलवृत्तांतांनी पाळली आहे. लग्नात नाव बदलण्याची चाल असलेल्या समाजाला ही दुहेरी नोंद करावीच लागली. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्यात. वसईच्या ख्रिस्ती घरांचा शोध घेणाऱ्याने मात्र स्नानसंस्काराच्या नोंदीत आईबापांवर न थांबता धर्मपिता आणि धर्ममाता यांच्या नावांकडे जावे, असे मी आग्रहाने सांगेन. एकाच घरातल्या पाचसहा मुलांच्या नोंदी शेजारी मांडल्या तर आईच्या माहेरची माणसे पुष्कळदा त्या रकान्यात येऊन बसलेली दिसतात. आडनावे पोर्तुगीज आणि गावभर तीच तीच, त्यामुळे घराची टोपणनावेही विचारून घ्यावीत. म्हाताऱ्यांना ती पाठ असतात.

गोन्सालोच्या आईसाठी यातले काहीच उपयोगी नाही. मग तिच्याविषयी बोलूच नये का? तिचे नाव कागदात नसले, तरी तिचे असणे मुलाच्या आयुष्यात दिसते, आणि चरित्रकार नेमके तिथेच घाईने पुढे जातात. जपानमध्ये गोन्सालोने सुमारे आठ वर्षे येशूसंघाचे काम केले. धर्मशिक्षण दिले, भाषा इतकी कमावली की पुढे १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता यांच्या शिष्टमंडळाचा दुभाषी म्हणून तो हिदेयोशीसमोर उभा राहिला. तरी येशूसंघाने त्याला सभासद करून घेतले नाही. चरित्रांत याला 'ईश्वराची योजना वेगळी होती' अशा धर्तीचे स्पष्टीकरण मिळते. त्याच काळात पूर्वेकडच्या येशूसंघाचा कारभार पाहणाऱ्या आलेस्सांद्रो वालिन्यानोचे मत लेखी आहे : हिंदुस्थानातले देशी आणि मिश्र रक्ताचे लोक संघात घेऊ नयेत. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की त्या नकारात कोणाचा वाटा होता हे दिसू लागते. बापाच्या बाजूने पाहिले तर नकाराला कारण सापडत नाही.

गोन्सालो मग व्यापारात गेला, पैसा कमावला आणि शेवटी मनिलाला फ्रान्सिस्कनांनी त्याला आपल्यात घेतले. तेही ब्रदर म्हणून, धर्मगुरू म्हणून नव्हे.