लोकमान्यनगर : दोन इमारतींमधल्या जमिनीचं रसग्रहण

पुण्यात वाड्यांवर भरभरून लिहिलं गेलं आहे. दिंडी दरवाजा, चौक, लाकडी जिना, तुळशीवृंदावन यांची वर्णनं तर वाडा न पाहिलेल्यांनाही पाठ असतात. डेक्कन आणि प्रभात रस्त्यावरच्या बंगल्यांनाही त्यांचे चाहते मिळाले. स्वातंत्र्यानंतर सरकारने साध्या नोकरदारांसाठी बांधलेल्या वसाहतींच्या वाट्याला मात्र हे प्रेम आलं नाही. ‘म्हाडाच्या बिल्डिंगा’ एवढं म्हणून आपण पुढे जातो. त्यांत पाहण्यासारखं, थांबून समजून घेण्यासारखं काही असेल, असं आपल्याला वाटतच नाही.

मला ते फार वाटतं. म्हणून इथे लोकमान्यनगर ही एक रचना मानून, एखादी कविता ओळीओळीने वाचावी तशी वाचायची आहे. नवी पेठ आणि शास्त्री रस्त्याच्या कडेची ही वसाहत गृहनिर्माण मंडळाने १९६० च्या दशकात उभी केली. सुमारे १६ एकर जमीन, पन्नासहून अधिक इमारती आणि आठशेच्या घरात सदनिका. माझं म्हणणं थोडक्यात असं : या रचनेतली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट म्हणजे इमारतींच्या मध्ये सोडलेली जमीन. तिथल्या रोजच्या जगण्यात जे काही सुंदर आहे, ते बहुतेक त्या जमिनीने दिलेलं आहे.

आधी काळ. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने पेठांमधली भाडी गोठली. भाडेकरूंना संरक्षण मिळालं, पण तेवढ्या भाड्यात वाडा दुरुस्त करणं मालकाला परवडेना. माणसं वाढत होती आणि एकेका वाड्यात बिऱ्हाडांची दाटी होत होती. अशात १२ जुलै १९६१ ची सकाळ उजाडली. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि नदीकाठच्या पेठांमधले मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात बसले. हजारो कुटुंबं एका दिवसात उघड्यावर आली. गोखलेनगर, जनवाडी, सहकारनगर, पर्वती दर्शन या भागांच्या वाढीत त्या पुराचा मोठा वाटा आहे. लोकमान्यनगर त्याच दशकातलं. पुणेकरांनी चौकाचा हात सोडून ‘ब्लॉक’चा हात धरला, तो या वर्षांत.

त्याच सुमारास जगभर हाच प्रश्न सोडवला जात होता. महायुद्धात रॉटरडॅम, वॉर्सा, लंडन अशी शहरं उद्ध्वस्त झाली होती. ब्रिटनने १९४६ मध्ये नव्या शहरांचा कायदा केला आणि स्टीव्हनेज हे त्याखालचं पहिलं शहर ठरलं. आपल्याकडे १९५० च्या दशकात चंदीगड उभं राहत होतं. या साऱ्यामागचा विचार सोपा होता : कमी मिळकतीच्या माणसालाही ऊन, वारा, स्वच्छ पाणी आणि हिरवळ मिळालीच पाहिजे. दिल्लीने १९५४ मध्ये अल्प उत्पन्न गटासाठी आणि १९५९ मध्ये मध्यम उत्पन्न गटासाठी घरांच्या योजना आणल्या. १९४८ च्या कायद्याने मुंबई राज्यात गृहनिर्माण मंडळ आलं, राज्य झाल्यावर ते महाराष्ट्राचं झालं आणि १९७७ मध्ये म्हाडात विलीन झालं. म्हणजे लोकमान्यनगरच्या साध्या भिंतींमागे एका मोठ्या आशेचा इतिहास आहे.

आता रचना वाचू. शास्त्री रस्त्याच्या गोंगाटातून आत वळलं की सर्वांत आधी जाणवतो तो इमारतींचा ठेंगणेपणा. लिफ्ट लागणार नाही एवढीच ही उंची. खर्च वाचवणं हे त्याचं एक कारण असणारच, पण परिणाम खर्चापुरता राहत नाही. वरच्या मजल्यावरच्या गॅलरीतून आईने हाक मारली की खाली खेळणाऱ्या मुलाला ती ऐकू जाते. कोण आलं, कोण गेलं, भाजीवाल्याच्या गाडीवर आज मेथी आहे की नाही, हे वरूनच दिसतं. यान गेल या डॅनिश वास्तुरचनाकाराने १९७१ मध्ये इमारतींमधल्या जीवनावरच एक पुस्तक लिहिलं. पाचव्या मजल्याच्या वर गेलं की माणसाचा जमिनीशी संबंध तुटत जातो, असं निरीक्षण त्यांनी पुढे मांडलं. लोकमान्यनगरची उंची त्या मर्यादेच्या आत आहे. झाडांनी नंतर इमारतींची उंची गाठली, म्हणून वरच्या खिडकीतही फांदी आणि पक्षी आहेत. घर झाडापेक्षा फार उंच नसणं, ही मला या रचनेची पहिली चांगली ओळ वाटते.

दुसरी ओळ आकड्यांत लपलेली आहे. १६ एकर म्हणजे साधारण ६५ हजार चौरस मीटर. आठशे घरांत ती जमीन वाटली, तर एका घरामागे सुमारे ८० चौरस मीटर, म्हणजे साडेआठशे चौरस फुटांच्या वर जमीन येते. घर स्वतः त्याहून लहान. शिवाय मजल्यावर मजला असल्यामुळे इमारतीखाली जाणारी जमीन आणखी कमी. म्हणजे इथे राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाकडे दाराच्या आत जेवढी जागा आहे, त्याहून अधिक जागा दाराबाहेर, सगळ्यांची मिळून आहे. बेताच्या पगारातल्या माणसाला आराखडा करणाऱ्यांनी सांगितलं, की खोल्या लहान मिळतील, पण अंगण मोठं मिळेल. हा व्यवहार कागदावर कुठे लिहिलेला नसेल, नकाशात मात्र तो स्पष्ट आहे.

त्या अंगणाचं लोकांनी काय केलं? क्रिकेट तर ठरलेलंच. पण पुण्याची खूण पाहायची असेल तर दिवाळीत पाहावी. किल्ला करायला माती लागते, पाणी लागतं, दगड लागतात आणि चार दिवस कुणी हलवणार नाही असा कोपरा लागतो. फरसबंद सोसायटीत पोरांना माती विकत आणावी लागते. जिथे पायाखाली जमीन आहे तिथे तटबंदी, गुहा, अळीव पेरलेले उतार आणि वर सिंहासनावर बसलेले महाराज आपोआप अवतरतात. गणपतीचा मांडव, नवरात्रातला भोंडला, कोजागरीचं आटीव दूध, उन्हाळ्यातली कुरडया-पापडांची वाळवणं यांपैकी एकाही गोष्टीसाठी आराखड्यात वेगळी जागा आखलेली नसते. पण मोकळं मैदान आणि सपाट गच्ची असली की या सगळ्यांची सोय होते. चांगल्या रचनेची ओळख मला इथे पटते. ती वापर ठरवून देत नाही, वापराला वाव ठेवते.

दाराच्या आतही एक क्रांती झाली आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोललो. वाड्यात नळ खाली चौकात, संडास मागे, आणि दोन्हींपुढे रांग. सकाळचं पाणी भरणं हे बायकांच्या डोक्यावर आणि कमरेवर असलेलं ओझं होतं. रात्री-अपरात्री कंदील घेऊन मागच्या अंगणात जाणं लहान मुलीला, गरोदर बाईला, म्हाताऱ्या सासूला किती जड जात असेल. ब्लॉकमध्ये नळ घरात आला. संडास-बाथरूम घरात आली. स्वयंपाकाला ओटा आला आणि चुलीपुढे बसून होणारा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. दाराला आतून कडी लावून नवरा-बायकोला दोन शब्द बोलता येतील, अशी खोली मिळाली. वाड्याच्या आठवणी हळव्या असतात, हे मान्य. पण त्या बहुतेकदा चौकात खेळलेल्या मुलांच्या असतात. चौकातून हंडे वाहणाऱ्या सुनेला विचारलं, तर तिने ब्लॉकच्या नळाला आधी नमस्कार केला असता.

वाड्याने दिलेला शेजार मात्र ब्लॉकमध्ये हरवला नाही. तो जिन्यावर आला. एका जिन्यावर मोजकी बिऱ्हाडं, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे ओळखीचे. कुलूप लावून बाहेर जाताना किल्ली समोरच्यांकडे, कुरिअर त्यांच्याकडे, ताप आला तर मऊ भात त्यांच्याकडून. इमारती सुट्या उभ्या असल्यामुळे घरांत वारा खेळतो, आणि दारं उघडी राहिली की माणसांचंही येणं-जाणं वाढतं. हवेसाठी केलेली सोय शेजारालाही उपयोगी पडते, हे तिथे चार दिवस राहिलं की कळतं.

रचनेत उणिवाही आहेत, आणि त्या वाचल्याशिवाय रसग्रहण पुरं होत नाही. तरुण कुटुंबाला डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या जिन्यांवर आता सत्तरी-ऐंशीतली माणसं थबकतात. गुडघे दुखू लागले की जमिनीचं ते सारं वैभव खिडकीतून पाहण्यापुरतं उरतं. भिंतींना ओल, जुन्या वाहिन्या, गंजलेल्या सळ्या ही दुखणी खरी आहेत. कुटुंब वाढलं तशी खोली कमी पडली. गॅलऱ्या बंदिस्त झाल्या, ग्रिल पुढे आलं आणि तिथे कुणाचा अभ्यास, कुणाचं शिवणयंत्र, कुणाचा पलंग मांडला गेला. आणखी एक उणीव खोल आहे. ठरावीक पगाराचा पुरावा असलेल्यालाच या योजनेत घर मिळालं. इथल्या घरांतली धुणी-भांडी करायला जवळच्या वस्त्यांतून येणाऱ्या बाईचा हिशोब आराखड्यात कुणी धरला नव्हता. ऊन-वाऱ्याच्या हक्काची आशा तिच्या दारापर्यंत पोचली नाही, हे नोंदवायलाच हवं.

याच उणिवांना पुढे महाराष्ट्रात एक सुंदर उत्तर दिलं गेलं, त्याच्या शेजारी ठेवून लोकमान्यनगर अधिक नीट वाचता येतं. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात नव्या मुंबईची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. पुढे १९८३ ते १९८६ या काळात कोरिया यांनी बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज रचलं. तिथे सात घरांना मिळून सुमारे ८ बाय ८ मीटरचं अंगण आहे. असे तीन गट जोडले की २१ घरांना १२ बाय १२ मीटरचं मोकळं आवार. अशी तीन आवारं एकत्र आली की २० बाय २० मीटरची मोठी जागा. गरीब आणि सुस्थितीतल्या कुटुंबांच्या भूखंडांत फरक अगदी थोडा ठेवला, साधारण ४५ ते ७५ चौरस मीटर. घराच्या भिंती शेजाऱ्याच्या घराशी जोडल्या नाहीत, म्हणजे ज्याला जमेल तेव्हा त्याने घर वाढवावं. लोकांनी ते वाढवलं, इतकं की मूळची कितीतरी उतरत्या छपरांची घरं पाडून तिथे मजले चढले. पण अंगणांची मांडणी आजही ओळखू येते. घरं बदलली तरी घरांमधली जागा टिकू शकते, हा धडा बेलापूर देतं. लोकमान्यनगरला तो आज फार गरजेचा आहे.

कारण या वसाहतीपुढे आता पुनर्विकासाचा प्रश्न आहे. एकेका सोसायटीने आपापला करायचा की साऱ्या वसाहतीचा एकत्रित, यावर रहिवाशांत आणि जाहीरपणेही वाद झाला आहे. नवं, पक्कं, लिफ्ट असलेलं घर हा तिथल्या म्हाताऱ्या माणसांचा हक्क आहे, आणि त्याला विरोध करण्याचा अधिकार बाहेरून कौतुक करणाऱ्या कुणालाही नाही. प्रश्न जमिनीचा आहे. उंच इमारतींना गाड्या लागतात, गाड्यांना तळघर किंवा पोडियम लागतो आणि पोडियमवर कुंडीतली झाडं येतात. साठ वर्षं मुळं पसरलेलं झाड स्लॅबवर लावता येत नाही. पावसाचं पाणी स्लॅबमधून मुरत नाही. किल्ल्याची माती तिथे नसते. आणि विसाव्या मजल्यावरून मारलेली हाक खाली पोचत नाही.

नवी पेठ आज स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींनी भरलेली आहे. अभ्यासिका, मेस, कॉट बेसिसवरची खोली एवढ्यात त्यांचं जग सामावलेलं असतं. संध्याकाळी जरा पाय मोकळे करायला, पुस्तकातून डोकं वर काढायला जागा शोधत ती फिरतात. दाट पेठांच्या कुशीत १६ एकरांचा हा श्वास आहे म्हणून आसपासच्यांनाही थोडी हवा मिळते. त्यामुळे हा केवळ आठशे कुटुंबांचा खासगी व्यवहार मानता येणार नाही.

माझा निवाडा स्पष्ट आहे. लोकमान्यनगरच्या इमारती कायम राहाव्यात असा माझा हट्ट नाही, त्यांचं काम त्यांनी केलं आहे. राखायची आहे ती इमारतींच्या मधली मोकळी, मातीची, सगळ्यांची जमीन, कारण हीच या रचनेची खरी निर्मिती आहे. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या वसाहतीत राहणाऱ्या वाचकांना म्हणून एवढीच विनंती करतो : विकसकासमोर बसाल तेव्हा कार्पेट एरिया किती मिळणार हे जरूर विचारा, कॉर्पस किती हेही विचारा. पण सही करण्याआधी तळमजल्याचा नकाशा मागवा, त्यात स्लॅबखाली न जाणारी माती किती चौरस मीटर उरते ते मोजा, आणि तो आकडा करारात लिहून घ्या.